घोडीच्या गाण्याचा खुलासा

तुळशीराम मंगळवारी सकाळी साडेसहा वाजता जवळा बाजारजवळच्या आपल्या गावी, राहत्या घरी वारले. वय चौऱ्याहत्तर. दोन महिने अंथरुणावर होते. त्याच दिवशी दुपारी चार वाजता त्यांच्या शेतात अंत्यसंस्कार झाले. हळदीची काढणी चालू असल्यामुळे माणसे कमी होती. मागे पत्नी गयाबाई, दोन विवाहित मुली आणि पुतण्या असा परिवार आहे.

या भागात त्यांची ओळख एका वाक्यात करून देतात: घोडीचं गाणं म्हणणारा हिरो. हे वाक्य निम्मे खरे आहे. तुळशीराम गायक होते आणि चित्रपटात नटही होते. पण ज्या गाण्यासाठी त्यांना ओळखतात ते चित्रपटात त्यांनी गायलेले नाही. पडद्यावर चेहरा त्यांचा आहे, आवाज दुसऱ्याचा. ही गोष्ट ते जन्मभर सांगत राहिले. कोणी मनावर घेतली नाही. मनावर न घेणाऱ्यांत मी पहिला नव्हतो. चुकीची गोष्ट छापून ठेवणारा मात्र मीच पहिला.

अठरा वर्षांपूर्वी मी औंढा नागनाथला एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी म्हणून नवीन होतो. जवळा बाजारला एका आडत व्यापाऱ्याच्या मुलाचे लग्न होते आणि संध्याकाळी वरात निघाली होती. हातगाडीवर भोंगे, मागे धूर सोडणारे जनरेटर, लाल कोट घातलेले दहा-बारा वाजवणारे. त्यांच्या पुढे माईक धरून एक उंच, वाळकुडा माणूस चालत होता. पन्नाशी उलटलेली, पांढरा शर्ट, काळे जाकीट, डोक्याला फेटा. चौकात वरात थांबली तशी नाचणारी पोरे ओरडली, ‘‘हिरो, घोडीचं होऊ द्या!’’

त्या माणसाने हात वर केला. वाजवणारे थांबले. त्याने घसा खाकरला आणि माईकवर सांगितले, ‘‘मंडळी, आयका. ह्ये गाणं शिनेमात हाये. शिनेमात घोडीवर बसलेला मी हाये. गळा मात्र मुंबईच्या मानसाचा हाये, माझा न्हाई. आता जे म्हनून राहिलो ते माझ्या गळ्यानं. बराबर ध्यानात ठेवा.’’

‘‘ठेवलं, ठेवलं! म्हना आता!’’

गर्दी हसली. माझ्या शेजारी उभा असलेला नवरदेवाचा मामा म्हणाला, ‘‘दर लग्नात सांगतो. लई नाटकी मानूस हाये.’’

मग ते गायले. आवाज जड होता, थोडा नाकातला. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक हेलकावा येत होता. मागे नवरदेवाची घोडी अंग चोरून उभी होती. दुसऱ्या दिवशी मी बातमी केली. चित्रपटातले प्रसिद्ध गाणे गाणारा गायक आज वरातीत गातो आहे, अशी तिची मांडणी होती. डेस्कने ‘घोडीच्या गाण्याचा मूळ आवाज आता वरातीत’ असा मथळा दिला. फोटो तीन कॉलमी लागला. मी चित्रपट पाहिलेला नव्हता. चौकातली घोषणा ऐकली होती, पण गर्दीला हसवण्यासाठी गायक काहीतरी बोलतात, त्यातलीच ती समजून सोडून दिली होती.

चौथ्या दिवशी ते औंढ्याला आले. आमचे कार्यालय म्हणजे देवळाच्या रस्त्यावर, प्रसादाच्या दुकानावरची एक खोली. चपला जिन्यातच काढून ते वर आले. हातात घडी घातलेला अंक होता.

‘‘तुमी लिवलं व्हय ह्ये?’’

‘‘हो. बसा, मामा. चांगलं आलंय ना?’’

‘‘फोटू चांगला हाये. मजकूर खोटा हाये.’’

मी अंक हातात घेतला आणि चूक कुठे आहे ते विचारले.

‘‘गाणं मी म्हनलं म्हून लिवलं तुमी. मी चौकात माईकवर सांगितलं. तुमी पानटपरीपाशी हुबे होता. आयकलं न्हाई व्हय?’’

‘‘ऐकलं. वाटलं, तुम्ही गमतीनं म्हणताय.’’

‘‘गमतीनं? काहून? आपला गळा दुसऱ्याचा हाये, असं गमतीनं कोन सांगतं का, सायब?’’

पेपरात चूक झाली तर ती दुरुस्त कशी करतात, हे त्यांनी विचारले. खुलासा छापतात, असे मी सांगितले. ‘‘मंग खुलासा छापा,’’ म्हणाले आणि खाली उतरले. चहा घेतला नाही.

मी डेस्कला फोन लावला. तिकडच्या उपसंपादकाने तक्रार कोणाची आहे ते विचारले. खुद्द त्यांचीच, असे मी सांगितले.

‘‘म्हणजे आपण स्तुती छापली म्हणून तक्रार?’’

‘‘हो.’’

‘‘त्या मुंबईच्या गायकाची काही तक्रार आहे का?’’

‘‘ते वारलेत.’’

‘‘मग नुकसान कोणाचं झालं? सोडा हो.’’

पंधरा दिवसांनी तुळशीराम पुन्हा आले तेव्हा मी त्यांना हेच सांगितले. ते खालच्या दुकानाच्या बाकावर बसले. रस्त्यावरून दर्शनाला आलेल्या माणसांची रांग सरकत होती. ‘‘नुकसान दोघायचं झालं,’’ ते म्हणाले. ‘‘त्या मुंबईच्या मानसाचं झालं. त्याचं गाणं मी घेतलं, असं झालं. आन् माझं झालं. माझा गळा कसा व्हता, ते आता कोनालाच कळनार न्हाई. जो माझा न्हाई, त्योच माझा म्हून ऱ्हाईल.’’

त्यानंतर दोन-तीन महिन्यांतून एकदा ते औंढ्याला येत. त्या बाकावर बसत आणि विचारत, ‘‘खुलाशाचं काय झालं?’’ मी डेस्कला आठवण करून दिल्याचे सांगे. बहुतेक वेळा ते खरे असे. या भेटींत त्यांनी जे सांगितले त्यातले पडताळता आले तेवढे मी पडताळले आहे.

त्यांच्या वडिलांची जमीन होती आणि एक पांढरी घोडी होती. वडील तिच्यावर बसून जवळ्याच्या आठवडी बाजाराला जात. तुळशीराम नवव्या वर्षापासून घोडीवर बसू लागले. बाजारातून परतताना गात येत. गाणे ते कोणाकडे शिकले नाहीत. ‘‘घोडीच्या चालीवर गळा बसला माझा,’’ असे ते सांगत. आवाजातला तो हेलकावा तिथला होता. पुढे महाशिवरात्रीच्या जत्रेला औंढ्यात चित्रपटाचा एक दिग्दर्शक दर्शनाला आला होता. नायकाच्या धाकट्या भावाच्या कामासाठी घोडीवर बसणारा आणि गाणारा असा माणूस तो शोधत होता. नट मिळत होते, ते घोडीवरून पडत होते. जत्रेत कोणीतरी तुळशीरामांचे नाव सांगितले. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक गावात येऊन त्यांना पाहून गेला आणि महिन्याभरात ते कोल्हापूरला रवाना झाले. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. लग्न झालेले होते.

ते गाणे आधी त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित झाले होते. यासाठी त्यांना मुंबईला नेले होते. पहिला प्रयत्न वाया गेला. एका जागी उभे राहून गाण्याची सवय नसल्याने ते एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलत होते, त्यामुळे आवाज माईकपासून पुढे-मागे होत होता. ध्वनिमुद्रकाने त्यांना भिंतीला टेकून उभे केले. दुसऱ्या वेळी गाणे पूर्ण झाले. संगीतकाराने ‘झालं’ म्हटले आणि त्यांना कोल्हापूरच्या गाडीत बसवून दिले. दोन महिन्यांनी गाण्याचे चित्रीकरण झाले.

‘‘घोडीवर बसलो,’’ ते सांगत. ‘‘लगाम धरला. भोंगा सुरू झाला. चाल तीच, वाजंत्री तीच. गळा दुसराच! मी डायरेक्टरकडं पाहून राहिलो. ते म्हनले, तुळशीराम, तोंड हालव. हालवलं.’’

निर्मात्याला तबकडीवर नावाजलेला गायक हवा होता, असे त्यांना नंतर कळले. त्या गायकाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. ‘‘लई चांगला म्हनला त्यो. माझ्यापरीस चांगला. पन माझं न्हाई ते.’’ तुम्ही त्या दिवशी काही बोलला का नाही, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, ‘‘घोडीवरून उतरलो असतो तर आज खुलासा मागायची तकलीफ नसती. तवा वाटलं, तोंड तर आपलं हाये ना.’’

त्यांच्या आवाजातल्या ध्वनिमुद्रणाचे पुढे काय झाले, याची मी चौकशी केली. निर्मिती संस्था बंद पडलेली आहे. स्टुडिओ राहिलेला नाही. संगीतकार हयात नाहीत. मुद्रण सापडले नाही. चित्रपटाचे नावही आता या भागात कोणाला आठवत नाही. तुळशीराम स्वतः त्याला ‘घोडीचा शिनेमा’ म्हणत.

हा चित्रपट जवळा बाजारला तंबूत लागला तेव्हा गावातून बैलगाड्या भरून माणसे गेली. तुळशीरामांची आई बायकांच्या बाजूला पुढे बसली होती. गाणे सुरू झाले. पडद्यावर मुलगा घोडीवरून येताना दिसला आणि म्हातारी उठून उभी राहिली. ‘‘ह्यो माझ्या लेकराचा गळा न्हाई,’’ ती मोठ्याने म्हणाली. ‘‘कोन हाये ह्यो?’’ मागून बायका ओरडल्या, ‘‘ए म्हातारे, खाली बस, दिसंना!’’ त्या वेळी तंबूत असलेल्या दोघांनी मला हा प्रसंग स्वतंत्रपणे सांगितला. दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

चित्रपट तीन हंगाम फिरत राहिला. तबकडी प्रत्येक लग्नात वाजू लागली. गावात काय घडत गेले, ते तुळशीराम बोटांवर मोजून सांगत. ‘‘पहिल्या साली लोक म्हनले, तुळश्या, शिनेमात तुझा गळा येगळाच लागतो. दुसऱ्या साली म्हनले, शिनेमात चांगला लागतो. तिसऱ्या साली म्हनले, आता तुझा बिघडला गड्या.’’

त्यांची चित्रपटातली कारकीर्द चार वर्षांची होती. दुसऱ्या चित्रपटात ते नायकाचे मित्र होते. चार प्रसंग, गाणे नाही. तिसऱ्यासाठी पाच महिने कोल्हापूरला राहिले. तो पूर्ण झाला नाही. ते गावी परतले तेव्हा वडील आजारी होते आणि घोडी विकलेली होती. ते शेती पाहू लागले आणि लग्नसराईत जवळ्याच्या एका बँडमध्ये गाऊ लागले. पस्तीसेक वर्षे गायले. वरातीत घोडी नेहमी त्यांच्या मागे असे. पुन्हा घोडीवर बसल्याचे कोणी पाहिलेले नाही.

मी त्यांच्या घरी तीनदा गेलो. पहिल्या वेळी ते गोठ्यात होते. गयाबाईंनी बाजेवर बसायला सांगितले आणि आत आवाज दिला, ‘‘ओ हिरो, म्हशीचं झालं असंल तर बाहीर या. पेपरवाले आले.’’ मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘भाऊ, ह्यायला त्यो काय खुलासा-बिलासा हाये त्यो देऊन टाका येकदाचा. न्हाईतर ह्ये म्हशीलाबी सांगत्यात, गळा माझा न्हाई म्हून.’’

तुळशीराम हात पुसत बाहेर आले. ‘‘म्हशीला म्हाईत हाये,’’ ते म्हणाले. ‘‘तिनं शिनेमा पाह्यला न्हाई.’’

‘‘आन् मी पाह्यला तरी मला म्हाईत हाये,’’ गयाबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

बँड सात-आठ वर्षांपूर्वी मोडला. डीजे आले, वाजवणारे पांगले. त्यानंतरही हिरो म्हणून तुळशीरामांना अधूनमधून बोलावणे येई. पुसेगावच्या एका लग्नात यजमानांनी त्यांना फेटा बांधला आणि डीजेच्या गाडीपुढे उभे केले. गाणे कसे म्हणायचे, माईक कुठे आहे, असे त्यांनी विचारले. डीजेवाला म्हणाला, ‘‘म्हणायची गरज नाही मामा. ओरिजनल गाणं हाय आपल्याकडं पेनड्राइव्हमधी. तुमी फक्त पुढं राहून तोंड हालवा. पब्लिक खुश!’’ तुळशीरामांनी फेटा उतरवून यजमानांच्या हातात दिला. ‘‘ते येकदा झालंय माझं,’’ एवढे म्हणाले आणि जेवण न करता दुपारच्या एसटीने परत आले. त्यानंतर त्यांनी कोणत्याही लग्नाची सुपारी घेतली नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांना दम्याचा त्रास वाढला. औषधे कायमची लागली. वृद्ध कलावंतांना सरकारी मानधन मिळते, त्यासाठी अर्ज करावा, असे गावातल्या लोकांनी सुचवले. अर्जाला कलेचा पुरावा जोडावा लागतो. जुने फोटो, प्रमाणपत्रे, वर्तमानपत्रातली कात्रणे. तुळशीरामांकडे फोटो दोन होते आणि दोन्ही पाण्याने खराब झालेले. कात्रण एकच होते. इतकी वर्षे जपून ठेवलेले, माझ्या बातमीचे.

हिंगोलीच्या कार्यालयात अर्ज भरताना मी सोबत होतो. कारकुनाने कात्रण वाचले आणि खुश झाला. ‘‘हे बघा ना! मूळ आवाज, फोटोसकट. याच्यापेक्षा मोठा पुरावा कुठला, बाबा? लावून टाका.’’

‘‘ते लावायचं न्हाई. ते चुकीचं हाये.’’

‘‘मग आणलं कशाला?’’

‘‘घरी ठेवलं तर कोनी खरं समजंल म्हून,’’ तुळशीराम म्हणाले. खुलासा आला की दोन्ही कागद बरोबर लावू, असे त्यांनी ठरवले. त्यांच्या सांगण्यावरून कारकुनाने अर्ज दोन फोटोंवर दाखल करून घेतला. कात्रण त्यांनी परत घेतले.

काही दिवसांनी गयाबाई एकट्याच हिंगोलीला गेल्या. हे मला नंतर कळले. पेटीतून कात्रण काढून त्यांनी कारकुनाला दिले आणि फायलीत लावायला सांगितले. घरी सांगितले नाही. ‘‘दमा खुलाशाची वाट पाहत न्हाई, भाऊ,’’ असे त्यांनी मला सांगितले.

सादरीकरणासाठी समितीने कलावंतांना हिंगोलीच्या एका सभागृहात बोलावले होते. मी बातमीसाठी गेलो होतो. बाहेर बाकांवर गोंधळी होते, शाहीर होते, तमाशात ढोलकी वाजवलेले एक आजोबा होते. टेबलामागे समितीचे तीन सदस्य बसले होते. तुळशीरामांचे नाव पुकारले. ते आत गेले. गयाबाई दाराशी उभ्या राहिल्या.

अध्यक्षांनी फाईल उघडली. ‘‘अरे! घोडीचं गाणं तुमचं? आमच्या लग्नात लावलं होतं. म्हणा, म्हणा.’’

तुळशीरामांनी टेबलावरच्या फायलीकडे पाहिले. कात्रण वरच होते. मग त्यांनी दाराकडे पाहिले. गयाबाई खाली पाहत होत्या.

‘‘सायब, ही बातमी चुकीची हाये,’’ ते म्हणाले. ‘‘शिनेमात मी घोडीवर हाये. गळा माझा न्हाई.’’

अध्यक्षांनी कात्रण उचलले. ‘‘चुकीची आहे तर फायलीत लावली कोणी?’’

‘‘मी लावली.’’

‘‘तुम्हीच लावली आणि तुम्हीच चुकीची म्हणताय?’’

‘‘व्हय. चुकलं माझं. आता जे म्हनतो ते माझ्या गळ्यानं. बराबर ध्यानात ठेवा.’’

ते गायले. टेबलाला एका हाताने धरले होते. पहिले कडवे नीट झाले. दुसऱ्यात हेलकावा आला तेव्हा ते एका पायावरून दुसऱ्या पायावर गेले. तिसऱ्यात खोकला लागला, तो थांबेना. बाहेरचे ढोलकीवाले आजोबा पाण्याची बाटली घेऊन आत आले. सदस्यांपैकी एकाने तोवर मोबाईलवर मूळ गाणे शोधून कानाशी धरले होते. तो म्हणाला, ‘‘सिनेमातल्यासारखा लागत नाही हो आवाज.’’

तुळशीराम पाणी प्यायले, त्यांनी तोंड पुसले आणि त्याला हात जोडले. ‘‘बराबर,’’ ते म्हणाले. ‘‘बराबर बोलले तुमी.’’

हे त्यांना त्यांच्या आईनंतर पहिल्यांदाच कोणीतरी चार माणसांत सांगितले होते. समितीने अर्जावर ‘पुराव्याची खात्री करावी’ असा शेरा मारला आणि पुढच्या माणसाचे नाव पुकारले. परतताना एसटीत दोघे शेजारी बसले होते. गयाबाई म्हणाल्या, ‘‘खोटं काहून बोलले? कागद मी लावला.’’ तुळशीराम खिडकीतून बाहेर पाहत होते. ‘‘येका दिवसाला येकच खुलासा पुरे,’’ ते म्हणाले. हा संवाद मला गयाबाईंनी सांगितला.

मी खुलाशाचा मजकूर त्याच आठवड्यात पुन्हा डेस्कला पाठवला. मग आणखी एकदा पाठवला. डेस्कवरची माणसे तोवर तीन वेळा बदलली होती. इतक्या जुन्या बातमीचा खुलासा कसा घ्यायचा, असे उत्तर आले. तुळशीराम अंथरुणाला लागले तेव्हापासून पुतण्याच्या फोनवरून विचारत. शेवटचे बोलणे मृत्यूच्या दहा दिवस आधी झाले.

‘‘आला का?’’

‘‘नाही, मामा.’’

‘‘बरं. ध्यानात ठेवा.’’

मंगळवारी दुपारी मी त्यांच्या गावी पोहोचलो तेव्हा अंगणात तिरडी बांधून झाली होती. पुतण्याच्या मित्रांनी हिरोला मान म्हणून जवळ्याहून एक मोठा स्पीकर आणला होता. तिरडी उचलली आणि त्यांनी गाणे लावले. चित्रपटातले. लोकांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. दोघे-तिघे रडू लागले. बायकांत बसलेल्या गयाबाई उठल्या आणि चालत स्पीकरपाशी गेल्या.

‘‘बंद करा ते.’’

‘‘काकू, काकांचंच गाणं हाये.’’

‘‘ह्यो माझ्या मालकाचा गळा न्हाई. बंद करा.’’

स्पीकर बंद झाला. शेतापर्यंतचे अंतर अर्ध्या किलोमीटरहून थोडे जास्त आहे. तिथपर्यंत सगळे जण काही न वाजवता गेले.

संध्याकाळी मी दहा ओळींची बातमी पाठवली. चित्रपटातल्या गाण्यावर त्यांनी अभिनय केला होता आणि आवाज दुसऱ्या गायकाचा होता, ही शेवटची ओळ होती. बुधवारच्या अंकात सात ओळी आल्या. मथळा होता, ‘घोडीच्या गाण्याचा आवाज हरपला’. जुन्या बातम्यांच्या संग्रहात शोधून डेस्कने तो तयार केला होता.

बुधवारी सकाळी नऊ वाजता गयाबाईंचा फोन आला. ‘‘भाऊ, पुन्यांदा तेच छापलं तुमी.’’ मी डेस्कला फोन लावला. नवीन रुजू झालेली एक उपसंपादक बोलत होती. मी तिला दोन्ही बातम्यांविषयी सांगितले. तिने विचारले, ‘‘चूक आहे हे नक्की ना?’’ मी हो म्हटले. ‘‘मग दोन्हींचा मिळून पाठवा, लावते.’’ हे बोलणे एका मिनिटाच्या आत संपले.

खुलासा शुक्रवारच्या अंकात पान पाचवर छापून आला. त्यात म्हटले होते: ‘जवळा बाजार परिसरातील गायक व चित्रपट कलावंत तुळशीराम यांच्याविषयी यापूर्वी व बुधवारी प्रसिद्ध झालेल्या बातम्यांत घोडीचे गाणे त्यांच्या आवाजातील असल्याचे म्हटले होते. ते चुकीचे आहे. चित्रपटात या गाण्यावर तुळशीराम यांनी अभिनय केला असून आवाज दुसऱ्या गायकाचा आहे. तुळशीराम हे गाणे स्वतःच्या आवाजात वरातींमध्ये गात असत.’

सोमवारी गयाबाई पुतण्याला घेऊन हिंगोलीच्या कार्यालयात गेल्या. मी तिथे होतो. त्यांनी शुक्रवारचा अंक कारकुनासमोर ठेवला आणि तुळशीरामांच्या फायलीत लावायला सांगितले.

‘‘बाई, अर्जदार मयत झाले,’’ कारकून म्हणाला. ‘‘फाईल बंद होणार. आता याचा काही उपयोग नाही.’’

‘‘बंद करा ना,’’ गयाबाई म्हणाल्या. ‘‘पन ह्ये आत लावून बंद करा. त्या कागदाच्या बराबर वर.’’

कारकुनाने फाईल काढली. खुलाशाचा चौकोन कापून घेतला, जुन्या कात्रणावर टाचला, शिक्का मारला आणि पोच दिली.